तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत "सरकार बंद" म्हणजे नक्की काय बंद?

मेरीलँडमध्ये राहायला आल्यापासून हा प्रश्न मला नाशिकहून दर थोड्या वर्षांनी येतोच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर मावशीने व्हिडिओ कॉल लागल्या लागल्या विचारलं, "अगं सरकार बंद पडलंय म्हणे तुमच्याकडे, किराणा भरून ठेवलास ना?"

मावशी, किराणा मिळत होता. शाळा चालू होत्या, पोलीस होते, कचऱ्याची गाडीपण ठरल्या दिवशी येत होती, कारण हे सगळं काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि राज्याकडे असतं. बंद पडतं ते वॉशिंग्टनचं केंद्र सरकार, आणि तेही सगळं नाही. पोस्ट स्वतःच्या कमाईवर चालतं म्हणून चालू, म्हाताऱ्या माणसांची पेन्शन चालू. मग बंद काय? इथलं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तोपर्यंत संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही तर ज्या खात्यांचा पैसा दरवर्षी मंजूर व्हावा लागतो ती थांबतात. आपल्याकडे लेखानुदान घेऊन वेळ निभावतात आणि लोकसभेत बजेटच पडलं तर सरकार जातं. इथे भांडणारे सगळे आपापल्या खुर्चीत असतात, घरी बसतो तो कर्मचारी.

आणि हा संप नाही हं, हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं. संपात माणूस कामावर जात नाही, इथे जायची इच्छा असली तरी जाता येत नाही. १८८४ चा एक कायदा आहे, मंजूर नसलेला पैसा खर्च करायचा नाही आणि फुकटची सेवाही घ्यायची नाही असा. पूर्वी मंजुरी लांबली तरी ऑफिसं चालू ठेवायचे, १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून हे सुरू झालं. आमच्या समोरच्या घरातली बाई केंद्राच्या एका खात्यात आहे, तिला ऑफिसचा लॅपटॉप उघडून मेल बघायचीसुद्धा परवानगी नव्हती, रोज सकाळी मुलांना बसमध्ये बसवून ती तशीच पायरीवर बसून राहायची आणि मला खिडकीतून बघवायचं नाही. उलट विमानतळावर तपासणी करणारे, कंट्रोल टॉवरमध्ये बसणारे, हवामान खात्यातले लोक यांना मात्र यावंच लागतं, सरकार पुन्हा सुरू होईपर्यंत पगार न मिळता. नोव्हेंबरमध्ये टॉवरमधली माणसं कमी पडायला लागली म्हणून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला लागली.

आपल्या लोकांना वेगळाच फटका. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नोकरी बदलायची तर आधी लेबर डिपार्टमेंटचा कागद लागतो, ते काम २०२५ मध्ये जवळजवळ महिनाभर ठप्प होतं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते धान्याचं. रेशनसारखी मदत असते इथे, स्नॅप म्हणतात, कार्डावर पैसे येतात, सुमारे ४ कोटी २० लाख लोक त्यावर जेवतात. १ नोव्हेंबरला ते पैसे आले नाहीत. आमच्या मंडळातल्या आम्ही काहीजणी डाळ-तांदूळ आणि पीनट बटर गोळा करून फूड बँकेत द्यायला गेलो तर रांग पार्किंगच्या बाहेर गेलेली, आणि त्यात सरकारी ओळखपत्र गळ्यात असलेली माणसंसुद्धा उभी, बहुतेक बिनपगारी ड्यूटी करून तशीच आलेली.

४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला संपलं. त्याआधीचं सगळ्यात लांबलेलं २०१८-१९ मधलं, ३५ दिवसांचं. ते चालू असतानाच जानेवारी २०१९ मध्ये कायदा झाला की कर्मचाऱ्यांना मागचा पगार द्यायचाच, त्यामुळे समोरच्या बाईला तिचे पैसे मिळाले. तिच्या ऑफिसच्या कँटीनमधल्या बायका आणि रात्री झाडलोट करणारे लोक कंत्राटदाराकडचे, त्यांना हा कायदा लागू नाही. ती कामावर परत गेली त्या दिवशी कँटीनमधल्या एकीने तिला विचारलं, तुझे आले का गं? आले हे सांगताना जीभ रेटत नव्हती, असं ती मला म्हणाली.