तुम्ही विचारलंत म्हणून: हो, नक्शा रेडीमेडच होता

आमच्या नव्या घराचा नक्शा नेटवरून विकत घेतला का, हे वास्तुशांतीच्या पंगतीत विचारलंत, मग लोकमान्य नगरच्या हळदीकुंकवात विचारलंत, आणि आता तर फोन करून विचारता. एकतर "तो पीडीएफ आम्हालाही पाठवा ना, आमचाही प्लॉट वीस बाय पन्नासच आहे" असं, नाहीतर "एवढं लोन काढलंत आणि नक्शा मात्र नेटवरचा?" असं. आजवर विषय बदलून वेळ मारून नेली, आता एकदाच सगळं लिहिते.

हो, सुदामा नगरच्या आमच्या घराचा नक्शा विकतचा आहे. दोन-अडीच हजाराला मिळाला, वेस्ट फेसिंग, खाली हॉल, किचन, एक बेडरूम, वर दोन बेडरूम. आग्रह माझा होता, ह्यांचा नाही. आणि पैसे वाचवायचे एवढंच कारण नव्हतं. आधी आम्ही रीतसर आर्किटेक्टकडे गेलो होतो. त्यांनी पहिल्याच मीटिंगला थ्रीडी एलिवेशन दाखवलं, फार सुंदर दिसत होतं ते, पण प्लॉट बघायला कधी येताय म्हटलं तर "साइटचे फोटो व्हॉट्सॲप करा" म्हणाले. फी स्क्वेअर फुटावर, आमच्या हिशोबाने साठ-सत्तर हजाराच्या घरात. जो माणूस प्लॉटवर पाऊलच ठेवणार नाही त्याच्या नक्शात आणि नेटवरच्या नक्शात फरक काय, असं मी म्हणाले होते. आजही तेच म्हणेन.

आणि रेडीमेड म्हणजे हलकं, हे तर मला मुळीच मान्य नाही. आपल्या इंदूरातच आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी गरिबांसाठी अरण्य नावाची वसाहत वसवली, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, तिथे काय प्रत्येक कुटुंबाला वेगळा नक्शा काढून दिला? 80 घरं नमुना म्हणून बांधून दाखवली, प्लॉटवर जोतं आणि संडास-पाण्याची सोय करून दिली, बाकीचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. त्याच अरण्यला 1995 साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आणि दुसऱ्या टोकाला आपला माणिकबाग राजवाडा. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या सुमारास जर्मन आर्किटेक्ट मुथेसियसला बोलावून फर्निचरसकट सगळं स्वतःसाठी करवून घेतलं, आणि आज तिथे कस्टम-जीएसटीचं ऑफिस आहे. हे मी ह्यांना तावातावाने ऐकवलं तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "अगं पण दोशींनी आधी जागा बघितली होती, तिथे राहणार होती ती माणसं कशी राहतात ते बघितलं होतं." तेव्हा मला तो मुद्दा वाटलाच नव्हता.

मग चुना टाकायचा दिवस आला. जुनं घर पाडून झालं होतं, ठेकेदाराने दोरी लावून जमिनीवर पांढऱ्या रेघांनी सगळा नक्शा आखला. सासूबाई म्हणाल्या मला बघायचंय. कंबरेच्या ऑपरेशननंतर त्या वॉकरवर होत्या, तरी आल्या. वॉकर टेकत टेकत त्या रेघांच्या हॉलमधून मागच्या बेडरूमपर्यंत गेल्या, तिथे थांबल्या, आणि म्हणाल्या, "आता रात्री उठले तर मी जायचं कुठे?" मी जिन्याच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. खालचा टॉयलेट जिन्याखाली होता, बहुतेक रेडीमेड नक्शांत असतो तसा. लँडिंगखाली उंची जेमतेम पाच फूट मिळते म्हणून त्याची फरशी दोन पायऱ्या खाली उतरवलेली, आणि दार अडीच फुटांचं, म्हणजे चौकट बसली की सव्वादोन फूटसुद्धा राहत नाही. मी ते पीडीएफमध्ये पन्नासदा बघितलं असेल, पण दोन पायऱ्या म्हणजे काय ते वॉकर समोर असताना कळलं. सासूबाईंनी वॉकर चुन्याच्या रेघेवर ठेवून बघितला, तो दारात मावत होता पण हात दोन्हीकडे घासले असते. ठेकेदार हसत म्हणाला, "माताजी, सब ऐसे ही बनाते हैं, एक रेलिंग लगा देंगे." त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या हिशोबाने बांधा रे, मी ग्वाल्हेरला धाकट्याकडे जाऊन राहते." रागाने नाही, अगदी सहज म्हणाल्या, आणि तेच मला जास्त लागलं. ज्या प्लॉटचे हप्ते मामंजींबरोबर त्यांनी पोटाला चिमटा काढून भरले त्याच्यावरच्या घरात त्यांना जागा नाही असा नक्शा मी पसंत करून आणला होता. रात्री आम्हा दोघांचं खूप वाजलं. मी म्हटलं शेकडो लोकांनी हाच नक्शा घेतलाय, ते काय वेडे आहेत का, हे म्हणाले शेकडो लोकांच्या घरी माझी आई राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला थांबवलं आणि कॉलनीतल्याच एका इंजिनिअरला घेऊन आलो. त्यांनी नक्शा फेकून दिला नाही, हे नीट लक्षात घ्या. टेप घेऊन अख्खी सकाळ प्लॉटवर घालवली आणि सासूबाईंना खुर्चीवर बसवून विचारत राहिले, कुठून येता, कुठे वळता. टॉयलेट मागच्या बेडरूमला जोडला, फरशी एका लेव्हलला, दार मोठं, व्हीलचेअरसाठी 900 मिलिमीटर मोकळी जागा लागते हे नॅशनल बिल्डिंग कोडमध्येच आहे म्हणाले. जिन्याखाली स्टोअर. डाव्या भिंतीतल्या तीन खिडक्या काढल्या, कारण नक्शा बहुतेक कॉर्नरच्या प्लॉटचा होता आणि आमच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत, त्याबदली मधे डक्ट, म्हणजे हवा-उजेडासाठी वरपर्यंत उघडी जागा, दिला. पाया पीडीएफमध्ये चार फूट होता. मालव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ती चार फूट बघत नाही, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं आणि कॉलम-फुटिंगचं ड्रॉइंग नव्याने करून घेतलं. पीडीएफच्या खालीच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की स्थानिक इंजिनिअरला दाखवा, ते कोणी वाचत नाही.

त्यांचे आणि स्ट्रक्चरवाल्याचे पैसे धरले तर आर्किटेक्टच्या फीच्या निम्म्याला आलं. म्हणजे बचत झाली, पण तुम्ही समजता तेवढी नाही. सासूबाई इथेच आहेत.

तेव्हा ज्यांना पीडीएफ हवाय त्यांना पाठवते, पण माझ्या घराचा म्हणून पाठवणार नाही, कारण तो तुमच्या प्लॉटला जसाच्या तसा बसणार नाही आणि मग तुम्ही मलाच विचाराल. आणि जे नाक मुरडतात त्यांना एवढंच विचारते, तुमचा आर्किटेक्ट प्लॉटवर आला होता का? आला असेल तर खरंच चांगलं केलंत.

बाकी आमचं अजून मिटलेलं नाहीच. वरच्या मजल्याला इंजिनिअरने हात लावला नाही, तो पीडीएफमधलाच आहे, आणि पुढची बेडरूम पश्चिमेला, मे महिन्यात चार वाजता तिथे बसवत नाही, मुलगी उशी घेऊन खाली आजीकडे झोपायला येते. हे म्हणतात चांगला आर्किटेक्ट असता तर त्याने पहिल्या दिवशी ऊन बघितलं असतं. मी म्हणते आपल्याला भेटला होता त्याने तर प्लॉटसुद्धा बघितला नव्हता. खिडकीवर छज्जा वाढवायचा की बाहेरून जाळी लावायची यावर या रविवारी परत इंजिनिअरना बोलावलंय.