ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांनो, आधी खाऊची पिशवी उघडा

आज शेजारच्या काका-काकूंच्या बॅगा भरून झाल्या. मुलाकडे सिडनीला पहिल्यांदाच निघालेत. त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहितेय.

पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नेऊ नका. भारतातले दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. ताजा कढीपत्ता, फळं, तुळशीचं बी घरीच ठेवा. मसाले, लोणचं, चकली कंपनीच्या सीलबंद पाकिटात घ्या आणि सगळं एकाच पिशवीत, वरच ठेवा. प्रवेशाच्या कार्डावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नापुढे 'होय' लिहा. खरं लिहिलंत तर फार तर वस्तू काढून घेतील, दंड नाही. लपवलंत तर जागेवर जबर दंड, व्हिसाही रद्द होऊ शकतो. विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा खिशात ठेवून उतरू नका!

औषधं मूळ पाकिटात, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी.

देश भारताच्या दुपटीहून मोठा. सिडनीहून पर्थ विमानानेही पाच तास, त्यामुळे आठवड्याभरात एकच भाग धरा. डिसेंबरात तिथे कडक उन्हाळा असतो; टोपी, सनस्क्रीन हवंच. प्लगच्या पिना तिरक्या, म्हणून अडॅप्टर इथूनच घ्या. आणीबाणीचा नंबर ०००, काकूंच्या पर्समध्ये कागदावर लिहून ठेवलाय.