वीणा टेकवायची नसते

सतरा वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत काढली, ट्रेड सुतारकामाचा. पेन्शन घेऊन गावी आलो आणि बापाचा वाकस पुन्हा हातात धरला. बैलगाडी आता कुणी करून घेत नाही. दारं-खिडक्या, कुळवाची दुरुस्ती, कधी एखाद्या म्हाताऱ्याची काठी, एवढंच काम. उरलेला वेळ कोयनेकाठच्या रानात.

मग वारीला निघालो. गाता येत नाही आणि टाळ धरला तर ठेका चुकतो, हे मी दिंडीच्या विणेकऱ्यांना आळंदीतच सांगून टाकलं. ते म्हणाले, "चालता येतं ना, माउली?"

"येतं की!" मी जरा नको तेवढ्या ऐटीत म्हणालो.

ती ऐट सासवडला उतरली. पुण्याहून सासवड हा वारीतला सगळ्यांत लांब टप्पा, त्यात दिवे घाट. नवा बूट लांब चालीला घालायचा नाही, हे पलटणीत रिक्रूटलासुद्धा कळतं. मी मात्र पोरानं हौसेनं आणलेले कोरे बूट घालून निघालो होतो. मुक्कामाला पोचलो तेव्हा दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड. दिंडीतल्या एका सत्तरीच्या आजीनं सुई तापवली, दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि पाणी झिरपायला दोरा तसाच ठेवला. तिच्या स्वतःच्या पायात झिजलेली रबरी चप्पल. "फौजी ना रं तू?" एवढंच म्हणाली. पुढचं सगळं मी जुन्या चपलांवर चाललो.

पण फौज इथं भेटलीच. पहाटे पहिला कर्णा वाजला की आवरायचं, दुसऱ्याला सज्ज, तिसऱ्याला चालायला लागायचं. पालखीच्या रथापुढं सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागं, प्रत्येकीचा नंबर ठरलेला, आणि कुणी कुणाच्या पुढं घुसत नाही. संध्याकाळी तळावर समाज आरती. चोपदार हातातला दंड वर करतात आणि एवढा मोठा समुदाय गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार जाऊन विचारतात. परेडच्या मैदानावर मी अशी शांतता ऐकलेली आहे, पण तिथं शिक्षेची भीती असायची. सोहळ्याला ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२च्या सुमारास. हे आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते, हे समजल्यावर मला काही नवल वाटेना. फौजेतला माणूस दुसरं काय करणार!

वाल्ह्याला तंबू ठोकताना मी म्हणालो, भोवती चर काढा, रात्री पाऊस आहे. मुंग्या अंडी घेऊन चढाकडं निघाल्या होत्या. पोरं हसली. रात्री दोन वाजता तीच पोरं फावडी शोधत होती.

त्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि वीणेची खुंटी सैल झाली. विणेकरी तार पिळायचे, दहा पावलांत ती पुन्हा उतरायची. लोणंदच्या अलीकडं विसाव्याला मी बघितलं. भोक झिजून लांबट झालेलं, त्यात जुनी खुंटी गरगर फिरत होती. चिंधी कोंबून, कागद गुंडाळून लोकांनी आधीच सगळे उपाय केले होते. (सुताराला असली कामं बघून राग येतो. तो गिळला.)

नवी खुंटी करायची तर लाकूड शिसवाचं हवं, आणि तिथं बाभळीशिवाय काही दिसेना. मग पिशवीतली पटाशी काढली. तिची मूठ शिसवाची, वडिलांनी घातलेली, तीस वर्षांच्या घामानं काळी पडलेली. दुसऱ्या पटाशीनं ती चिरली. थोडा वेळ हात थांबला होता, हे कबूल करतो.

वीणा जमिनीला टेकवायची नाही. विणेकरी ती गळ्यात घालून उभे आणि मी पुढ्यात उभा राहून काम करतोय, न्हाव्यासारखा. चाकूनं निमुळतं केलं, मग काचेच्या तुकड्यानं तासत गेलो. भोकात घालून फिरवायची, बाहेर काढायची, जिथं चकाकी आली असेल तिथंच तासायचं, पुन्हा घालायची. वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल. तारेचं भोक स्वयंपाकाच्या चुलीत लाल केलेल्या खिळ्यानं पाडलं. शेवटी एका शाळकरी पोराकडचा खडू चोळला. खुंटी चर्र करून बसली. विणेकऱ्यांनी तार छेडली, कान लावला आणि काही न बोलता चालायला लागले.

लोणंद सोडल्यावर चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण. दोन्ही बाजूंना दिंड्या आणि मधून घोडे. घोडे गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात, झुंबड उडते. विणेकऱ्यांना वीणेमुळं कुठं वाकता येणार? त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि वीणा गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. "धरा, माउली."

बेली पुलाचं, म्हणजे फौजेच्या लोखंडी जोडपुलाचं, अडीचशे किलोचं पॅनल सहा जणांत मिळून उचललेला माणूस मी. त्या दोन-तीन किलोंनी खांदे आखडले. सगळे खाली वाकलेले, उभा मी एकटा. माझं भजनाकडं लक्ष नव्हतं, खोटं कशाला बोलू. अंगठा खुंटीवर होता. विणेकरी मातीचा हात घेऊन परत येईपर्यंत ती केसभरही फिरली नव्हती.