पैलवानाचं उपोषण

आमच्या घरात जेवायला नाही म्हणणाऱ्याला सहजासहजी सोडत नाहीत. पोळी नको तर भात, भात नको तर मेतकूट-तूप, तेही नको तर ‘निदान ताक तरी घे’. त्यामुळे पैलवानानं खाण्याकडे पाठ फिरवली तेव्हा घरचे सगळे आग्रहाला सरसावले. माशाची प्रकृती सांभाळण्यापेक्षा हा आग्रह थोपवणं मला जास्त जड गेलं.

पैलवान हा ऑस्कर मासा. ही जात मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. काळसर अंगावर नारिंगी डाग, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा गोल ठिपका, लांबी वीतभराहून थोडी जास्त. माझा भाचा शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना म्हणाला, “मावशी, याला दुकानात नको गं परत द्यायला.” मग वाघोलीहून कोथरूडला चार फुटी टाकी टेम्पोतून आली आणि मासा झाकणाच्या बादलीत, बॅटरीवरच्या पंपासकट. फिल्टरचा स्पंज जुन्याच पाण्यात भिजवून आणला होता.

नव्या जागी आल्यावर स्वारी तळाशी कुशीवर पडली. मेलाच की काय, असं वाटावं अशी. पण काचेजवळ गेलं की डोळा फिरायचा. ऑस्कर पाळणाऱ्यांना हे नाटक चांगलं माहीत असतं: टाकी बदलली, शेजारचा मासा काढला, नुसते दगड हलवले तरी ही जात रुसते, आडवी पडते, अन्न सोडते. धडधाकट मोठा ऑस्कर दोन-तीन आठवडे उपाशी राहिला तरी दगावत नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मुक्या जिवाला उपाशी ठेवायला तुला कुठल्या पुस्तकानं सांगितलं?”

मग सुरू झाला गुपचूप पाहुणचार. कोणी माशाच्या खाद्याच्या गोळ्या टाकतंय, कोणी पोळीचा तुकडा. न खाल्लेलं सगळं दगडांत जाऊन कुजतं आणि त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनियानं कल्ले जळजळतात, भूक आणखी मरते, मग माणसं आणखी खायला टाकतात. खाण्याचा डबा मी सरळ माझ्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

दुकानदारानं काही न विचारता निळ्या औषधाची बाटली पुढे केली. मासा खात नाही, निळं औषध. मासा पळतोय, निळं औषध. हे मिथिलीन ब्लू बुरशीवर चालतं, पण मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधल्या, अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकतं. मी घेतलं नाही.

आमच्या इमारतीतली एक मुलगी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिला फोन लावला. मी माशाची लक्षणं सांगायला लागले तर तिनं मध्येच थांबवलं. “काकू, माशाचं नंतर. पाणी मोजलंत का?”

थेंबांची किट आणली. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडायचा. अमोनियाचा रंग पिवळा राहायला हवा होता, तो हिरवट झाला, तक्त्यावर ०.५ पीपीएमच्या जवळ. चालू टाकीत हा आकडा शून्यच हवा. स्पंज ओला होता खरा, पण त्यातल्या जिवाणूंना प्राणवायूही लागतो आणि टेम्पो नगर रस्त्याच्या कोंडीत दुपारभर अडकला होता. म्हणजे फिल्टर अर्धामेला होऊन आला होता. वर पाण्याचं तापमान सकाळी २० अंश. पुण्याची जानेवारी. या माशाला २५-२६ तरी लागतं. थंड पाण्यात त्याचं पचनच मंदावतं, भूक कुठून लागणार?

मी लगेच हीटर लावायला निघाले होते. त्या मुलीनं अडवलं, आणि तिनं सांगितलेलं कारण मला फार पटलं. पाणी जितकं उबदार आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. म्हणून आधी अमोनिया उतरवायचा, मग ऊब द्यायची. क्रम उलटा झाला तर ऊबच बाधते.

रोज पाव टाकी पाणी बदलायला लागले. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी रात्रभर पिंपात हवा सोडून ठेवायचं आणि वर क्लोरीन मारणारे हायपोचे खडे. अमोनिया उतरला तसा नायट्राइट चढला. जिवाणूंची पहिली फळी अमोनियाचं नायट्राइट करते, तेही माशाला विषारीच; ते पचवणारी दुसरी फळी उशिरा तयार होते, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. त्यावर उपाय स्वयंपाकघरातला निघाला: आयोडीन नसलेलं खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. मीठ विरघळवून, दोन-तीन वेळांत विभागून घातलं. दोन्ही आकडे शून्यावर आल्यावर २०० वॅटचा हीटर लावला आणि तापमान दिवसाला एखाद-दुसरा अंश असं वर नेलं. टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद चिकटवला, कारण काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब पाहून पैलवान फुत्कारायचा. मातीचा एक मोठा कुंडा आडवा ठेवला, तोंड लपवायला.

या सगळ्या काळात माशाकडे फक्त बघायचं. पोट आत गेलंय का, डोक्यामागची पाठ खोल दिसते का, कल्ले भराभर हलतात का. एकदा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली आणि मी घाबरले, कारण पोटातल्या परजीवींचं ते लक्षण मानतात. मुलगी म्हणाली, रिकाम्या आतड्यातून नुसता चिकट स्राव आला तरी तसाच दिसतो. पोटात अन्न गेल्यावरही पांढरीच राहिली, किंवा डोक्यावर खळगे पडायला लागले, तर मेट्रोनिडॅझोल या परजीवींवरच्या औषधाचा विचार करायचा. तोवर औषधाला हात लावायचा नाही. हा सल्ला पाळणं अवघड होतं. काहीतरी ‘करावंसं’ वाटतंच.

पैलवान कुशीवरून उठला, काचेपाशी येऊन माझा हात ओळखायला लागला, तेव्हा कुठे खाण्याचा विषय काढला. गोळी टाकली. तोंडात घेतली, थुंकली. भाच्याला फोन केल्यावर खरी गोष्ट कळली: साहेब जिवंत गोल्डफिशवर वाढले होते. बघायला थरारक, पण खाणं वाईट. गोल्डफिशच्या मांसात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी१ जीवनसत्त्वाची नासाडी करतं, शिवाय दुकानातल्या गर्दीच्या टाकीतले रोग फुकट मिळतात. ते पुन्हा सुरू करायचं नाही, हे ठरलं.

बाल्कनीत गांडूळखताचा डबा आहे. वाटलं, घरचंच खाद्य. पैलवानानं लाल गांडूळ घेतलं आणि इतक्या तिरस्कारानं बाहेर फेकलं की मला हसू आलं. खतातली ही तांबडी गांडुळं एक कडू द्रव सोडतात, बऱ्याच माशांना ती चालत नाहीत. मग कोळंबी. सासूबाई शुद्ध शाकाहारी. त्यांच्या फ्रीजरमध्ये कोळंबी ठेवायची म्हणजे मोठ्या वाटाघाटी. शेवटी वेगळा डबा, वेगळा कप्पा आणि ‘माशासाठी’ अशी चिठ्ठी, यावर तह झाला. सोललेला कच्चा तुकडा दोऱ्याला सैल अडकवून पाण्यात हलकेच हलवला, जिवंत असल्यासारखा. दिवा बंद, खोलीत मी एकटी. पहिल्यांदा नुसता जवळ आला. नंतर केव्हातरी दोऱ्याला झटका बसला आणि तुकडा गेला. मी ओरडले, तर सासूबाई आतून धावत आल्या. “खाल्लं का? अजून दे मग!”

दिलं नाही. एवढ्या उपासानंतर थोडंच द्यायचं असतं. पुढे तुकड्याच्या पोटात लसणाच्या रसात भिजवलेली एक गोळी दडपायला लागले, मग दोन, कोळंबी कमी कमी. विष्ठा तपकिरी झाली, मेट्रोनिडॅझोलची वेळ आली नाही.

आता तो दिवसातून एकदा गोळ्या खातो आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. तो दिवस सासूबाईंनी सोमवार ठरवलाय, त्यामुळे त्या दिवशी कोणी आग्रह करत नाही. डब्यातल्या हिरव्या गोळ्या मात्र पैलवान अजून थुंकतो. लाल तेवढ्या खातो. मी हिरव्या निवडून बाजूला ठेवते आणि त्या परत डब्यात कोण टाकतं, हे मला माहीत आहे.