चार सुताची धार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या शॉपमध्ये धारेचे काम येते ते कारखान्यांच्या हत्यारांचे. एंड मिल, रीमर, ब्रोच, क्वचित एखादे फॉर्म टूल, अशी धातू कापणारी हत्यारे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर एक मुलगी आईला बरोबर घेऊन आली आणि तिने आइस हॉकीचे बूट माझ्या टेबलावर ठेवले. ती लहानपणापासून रोलर स्केटिंग करणारी. पुढे बर्फावर उतरली, राज्याच्या संघातून खेळली, आणि आता लेहच्या निवड शिबिराला निघाली होती. त्या शिबिरातून आशियातल्या खालच्या श्रेणीच्या एका महिला स्पर्धेसाठी संघ निवडला जाणार होता.

"काका, डावीकडं वळताना पाय धरतच नाही. उजवीकडं बरोबर वळतो मी," ती म्हणाली. परगावी एका दुकानात तिने धार लावून घेतली होती आणि तेव्हापासून हे सुरू झाले होते.

मी बुटाच्या तळाच्या होल्डरमधून पाती सोडवली आणि भिंगाखाली धरली. आइस हॉकीचे पाते साधारण तीन मिलिमीटर जाड असते आणि त्याची धार चाकूसारखी मधोमध नसते. तळाला लांबीभर एक उथळ खोबण असते. त्या खोबणीच्या दोन बाजूंना दोन कडा उभ्या राहतात आणि खेळाडूचा सगळा भार त्या कडांवर असतो. खोबणीची त्रिज्या बहुधा अर्धा इंच, म्हणजे आमच्या भाषेत चार सूत. हिशेब केला तर तीन मिलिमीटर रुंदीत चार सुताच्या त्रिज्येची खोली नव्वद मायक्रॉनच्या आसपास भरते. एक दशांश मिलिमीटरसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर एक माणूस भरधाव वेगात वळतो, थांबतो, उलटा फिरतो.

तिच्या दोन्ही पात्यांवर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, आडवा ठेवला, तेव्हा तक्रारीचे कारण उघड झाले. दोन्ही पात्यांची डावी कड उजवीपेक्षा बुटकी होती. डावीकडे वळताना शरीर डावीकडे झुकते. डाव्या पायाची बाहेरची आणि उजव्या पायाची आतली, अशा दोन्ही डाव्याच कडा बर्फात रुतायला हव्यात. त्याच कमी पडत होत्या. धार लावताना दोन्ही बूट एकाच बाजूवर आडवे ठेवले गेले असणार आणि घासणाऱ्या चाकाचा मध्य पात्याच्या मध्यावर नसणार, म्हणून खोबण एका अंगाला सरकली. शिवाय टाचेकडच्या भागावर निळसर झाक होती, म्हणजे घाईने जोरात घासल्यामुळे पोलाद तापून तिथला कठीणपणा उतरला होता. मुलीच्या मनात आपलेच कौशल्य कमी पडते आहे अशी शंका बसली होती. तिला गुण्याखालची फट उजेडाकडे धरून दाखवली, तेव्हा तिने दीर्घ श्वास सोडला, आणि तिची आई माझ्यापेक्षाही बारकाईने ती फट पाहत राहिली.

हे काम आमच्या सरफेस ग्राइंडरवर सरळ करता येत नव्हते. पात्याचा तळ लांबीतही सपाट नसतो, तर सुमारे दहा फुटांच्या त्रिज्येने वाकलेला असतो. सरळ धावणाऱ्या टेबलावर तो धरला असता तर धार लागली असती, पण तो बाक नाहीसा झाला असता आणि खेळाडूचे सगळे अंगवळणच बदलले असते. म्हणून हत्यारांना धार लावायच्या टूल अँड कटर ग्राइंडरचे हेड कलते करून चाकाचा दांडा, म्हणजे स्पिंडल, उभा केला, चाकाला गोलाई देणाऱ्या रेडियस ड्रेसरमधल्या हिऱ्याने पांढऱ्या चाकाची कड चार सुताची गोल केली, आणि पाते आडवे पकडून हाताने सरकवता येईल अशी एक पकड, म्हणजे फिक्स्चर, तयार केली. फिक्स्चरची उंची डायल गेज या बारीक मापाच्या घड्याळाने जुळवली, म्हणजे चाकाचा मध्य आणि पात्याचा मध्य एका रेषेत येतो. त्यानंतर हलके हलके पास घेतले. तापलेला भाग पूर्ण निघेपर्यंत दोन्ही पात्यांवरून सारखाच माल काढावा लागला, नाहीतर एक पाय दुसऱ्यापेक्षा उंच झाला असता. शेवटी बारीक तेलाच्या दगडाने बाजूंचा बर, म्हणजे घासताना कडेला उरलेली धातूची कूस, काढला. हे काम संयमाचे आहे. दगड जरासा तिरपा झाला तरी नुकतीच मिळालेली कड गोल होते.

चार सूतच का, हे तिने मला आधीच नेमके सांगितले होते. लेहला जानेवारीत उघड्यावरचा बर्फ अतिशय थंड आणि कठीण असतो. त्यात कडा रुतायला खोल खोबण लागते, आणि खेळाडू वजनाने हलकी असेल तर अधिकच. बंदिस्त रिंगणातला कृत्रिम बर्फ मऊ असतो. तिथे तीच धार गरजेपेक्षा जास्त रुतते आणि पाय दमवते. आपल्या हत्याराची इतकी अचूक जाण असलेले गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचितच येते.

गुण्याने कडा सारख्या दाखवल्या, तरी माझे समाधान होईना. कोल्हापुरात आइस रिंक नाही. मग बर्फाच्या कारखान्यातून एक लादी मागवली, गोणपाटावर ठेवली आणि गरम लोखंडी प्लेट फिरवून तिचा वरचा पृष्ठभाग सपाट करून घेतला. मुलीने बूट घातले, आईचा हात धरला आणि एक पाय लादीवर ठेवला. शॉपमधली मशीन एकेक करून थांबली. पोरे भोवती जमली. तिने सरळ भार दिला, पाय पुढे सरकवला आणि बाजूला घेतला. बर्फावर दोन समांतर रेघा उमटल्या होत्या, दोन्ही सारख्याच खोल. मग ती डावीकडे झुकली आणि तिने पाय बाहेर रेटला. पाते जागचे हलले नाही. "धरतंय, काका!" दुसऱ्या पायालाही तसेच झाले. लादी शून्य अंशावरची, वरून पाणी सुटलेली. लेहचा बर्फ ती नव्हे, हे आम्हाला दोघांनाही कळत होते. पण कडा समान आहेत की नाहीत, एवढ्या प्रश्नाचे उत्तर लादीने दिले.

लादी वितळत असताना त्या मुलीने जे सांगितले, त्यातले मला काहीच ठाऊक नव्हते. जागतिक महिला स्पर्धेच्या वरच्या गटात दहा देश खेळतात आणि त्याखाली श्रेणींची उतरंड आहे. भारताच्या मुली २०१६ मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्या, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला, आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक घेतले. संघात बहुतेक मुली लडाखच्या. गोठलेल्या तळ्यांवर, वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने मिळणाऱ्या बर्फावर शिकलेल्या. आमच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या ऑलिंपिक कांस्यपदकासाठी सगळा जिल्हा रस्त्यावर उतरला होता, आणि ते योग्यच होते. या मुलींचे पदक मात्र माझ्यासारख्या रोज क्रीडापान वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटले.

मोठ्या देशांच्या संघाबरोबर धारेचे यंत्र आणि ते चालवणारा जाणकार असतो. खालच्या श्रेणीत खेळाडू स्वतःची पाती पिशवीत घेऊन दारोदार फिरते आणि समोरच्या माणसाला ते काम येते का, हे तिला बर्फावर उतरल्यावर कळते. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत अंगावर आदळून अडवण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे वळण्याचा वेग आणि पायांवरचा ताबा यांवर पुष्कळ काही ठरते. अशा खेळात नव्वद मायक्रॉनची खोबण तिरकी असणे हा खेळाडूवर अन्याय आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. उद्यमनगरात मायक्रॉनमध्ये काम करणारे हात शेकड्यांनी आहेत. हे काम आपल्याला जमते आणि ते आपण केले पाहिजे.

शिबिरातून तिचा फोन आला. डावे वळण धरत होते. तिच्या खोलीतल्या गोलरक्षक मुलीलाही धार हवी होती; गोलरक्षकाचे पाते जास्त रुंद आणि तळाला बरेच सपाट असते, म्हणून त्याची मापे मी लिहून घेतली आणि फिक्स्चरचे जबडे नव्याने मिलिंगला टाकले.