तुम्ही विचारलंत म्हणून : पक्ष्यांची जुनी चित्रं

“पक्ष्यांचे इतके सुंदर फोटो मिळत असताना साडेचारशे वर्षांपूर्वीची ती चुकांनी भरलेली चित्रं कशाला दाखवत बसता?” प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी हे विचारतंच. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही, माझंही नाही. म्हणून एकदा सविस्तर.

चुका आहेत, मान्य. पिएर बेलाँ या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने १५५५ साली पॅरिसमध्ये पक्ष्यांवरचा ग्रंथ छापला, त्यात वटवाघूळसुद्धा पक्ष्यांत घातलं आहे. पण त्याच ग्रंथात माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर आहे आणि जुळणाऱ्या हाडांना दोन्हीकडे तीच अक्षरं दिली आहेत. पक्ष्याची नडगी वाटणारं खालचं लांब हाड त्याने आपल्या टाचेशी जुळवलं. बगळ्याचा गुडघा मागे वाकतो असं सांगणारे मला आजही भेटतात. तो घोटा असतो हो! गुडघा वर, पिसांत दडलेला. हे कुठल्या फोटोत दिसणार?

बेलाँला उत्क्रांती कळली होती, असंही काही जण उत्साहाने म्हणतात. नाही. त्याने फक्त जुळवून पाहिलं. तेवढंही त्या काळात फार होतं.

मुलांच्या एका पुस्तकासाठी मी या दोन सांगाड्यांवर लिहून दिलं होतं. ‘हे अक्षर माणसाच्या दंडावर शोधा, मग पक्ष्याच्या पंखावर’ असा सगळा मजकूर. पुस्तक हातात आलं आणि पाहते तर दोन्ही सांगाडे कोरे. अक्षरं पुसलेली. शिवाय बेलाँने पक्षी मुद्दाम माणसासारखा ताठ उभा केला होता, हाड हाडासमोर यावं म्हणून. तो यांनी आडवा केला होता. फोन केला तर संपादक म्हणाले, “अहो ताई, चित्र किती स्वच्छ दिसतंय बघा. आणि पक्षी असा उभा राहतो का कधी?” मी शुद्धिपत्र मागितलं. “एवढ्याशा गोष्टीसाठी?” मला पुढे बोलवेना. माझा मजकूर तसाच छापलेला होता, आणि त्यातलं एकही अक्षर शोधून मुलाला सापडणार नव्हतं. त्यांच्यासाठी मी पुन्हा लिहिलं नाही. तो राग अजून आहे, आणि तो अतिरेकी आहे असं मला वाटत नाही.

एका प्रश्नाशी मात्र मी अजून झगडते. त्याच १५५५ साली कॉनराड गेस्नर या स्विस निसर्ग-अभ्यासकाने बर्ड ऑफ पॅराडाइज हा झळाळत्या पिसांचा पक्षी बिनपायांचा छापला. पूर्वी मी ठासून सांगायची : न्यू गिनी बेटाकडून व्यापारात येणाऱ्या कातड्यांचे पायच कापलेले असत, मग चित्रकार बिचारा काय करणार? पण मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या सफरीतून १५२२ साली परतलेल्या पिगाफेट्टा या इटालियन प्रवाशाने या पक्ष्याचे वीतभर लांबीचे बारीक पाय लिहून ठेवले होते. म्हणजे माहिती होती. तरी कातड्याचाच शब्द चालला. डोळ्यांवर विश्वास ठेवणं हा या लोकांचा गुण म्हणून मी मिरवत आले, आणि इथे त्याच गुणाने घात केला. की दूरच्या प्रवाशाच्या शब्दापेक्षा हातातलं कातडं मानणंच योग्य होतं? दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी भांडले आहे.

“मग तो पक्षी वगळा ना,” असं एकांनी सुचवलं. वगळणार नाही. बेलाँ दाखवायचा आणि गेस्नरचा हा पक्षी झाकायचा, तर तेही अक्षरं पुसणंच झालं.