मग ॲनिमोन का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

टाकीत क्लाऊनफिशची जोडी आहे, एवढी कोरलं (प्रवाळ) आहेत, मग ॲनिमोन, म्हणजे टेंटॅकल्स (स्पर्शिका) पसरून दगडाला धरून बसणारा तो फुलासारखा प्राणी, का नाही? इथे न्यू जर्सीत घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आई विचारते, आणि ज्यांच्या स्वतःच्या रीफ टाक्या, म्हणजे कोरलांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या, आहेत तेही विचारतात, फक्त त्यांचा सूर वेगळा असतो, की अरे तुझ्याकडे मॅग्निफिका (ॲनिमोनची एक जात) होतं ना, मेलं का? मी काही बोलायच्या आत त्यांनी मान हलवलेली असते, नाजूकच असतं रे ते, वगैरे. तर एकदाच नीट लिहितो. मेलं नाही. आजारी पडलं होतं, बरं झालं, आजही दुसऱ्याच्या टाकीत चांगलं जगतंय. आणि तरीही मी ठेवत नाही.

आधी माशांचं सांगून टाकतो. ऑसेलॅरिस क्लाऊनफिशला समुद्रात ॲनिमोन लागतं कारण तिथे त्याला खाणारे मासे असतात. माझ्या टाकीत त्यांना खाणारं कोणी नाही, आणि ही जोडी टाकीतच जन्मलेली आहे, समुद्र त्यांनी पाहिलेलाच नाही. ॲनिमोनच्या शेकडो जाती आहेत, त्यातल्या फक्त 10 क्लाऊनफिशला जागा देतात, आणि ऑसेलॅरिस समुद्रात त्यातल्याही तीनच जातींत राहतो. माझी जोडी टॉर्च नावाच्या लांब टेंटॅकल्सच्या कोरलमध्ये झोपायची, व्यवस्थित अंडी द्यायची. त्यामुळे "बिचाऱ्यांना घर नाही" असं कोणी म्हटलं की मला राग येतो, खरंच येतो. आणि एका पाहुण्यांनी दुकानातला फोटो दाखवून "हे पांढरंशुभ्र घ्या, काय दिसतंय" म्हटलं होतं, तर ते पांढरं म्हणजे उपाशी असतं हो. त्याच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल राहतं, जे उजेडावर अन्न बनवून त्याला पोसतं, ते निघून गेलेलं असतं. 1998 साली लक्षद्वीपची कोरलं पाणी तापल्यामुळे पांढरी पडली तेव्हा आत हेच झालं होतं. पांढरं ॲनिमोन विकत घेणं म्हणजे आजारी जनावर विकत घेणं.

आता मी पूर्वी रीफ टाकीवाल्यांच्या ग्रुपवर काय लिहायचो ते मला आठवतं, आणि तुमच्यातल्या काहींनी ते जपून ठेवलंय आणि मला परत पाठवताही. टाकी किमान वर्षभर जुनी हवी, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) 35, तापमान 25-26, अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) 8 ते 9 डीकेएचच्या मधे आणि मुख्य म्हणजे रोज तेवढीच, नायट्रेट-फॉस्फेट शून्य नको, लाइट आणि फ्लो भरपूर, एवढं असेल तर ॲनिमोन ठेवायला काही हरकत नाही. यातलं एकही वाक्य मी आज खोडणार नाही. हे सगळं बरोबरच आहे. पण तो जो लिहिणारा होता तो एवढंच विचारत होता की हा प्राणी जगेल का. जगल्यावर बाकीच्यांचं काय, हे तो विचारतच नव्हता, आणि त्याच्याशी माझं भांडण तिथे आहे.

तर ते मॅग्निफिका. जांभळा पाय, तपकिरी टेंटॅकल्स, दुकानात दगडाला घट्ट धरून बसलेलं, तोंड मिटलेलं. मी पाहायचं ते सगळं पाहूनच घेतलं. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बसायला, म्हणजे फुगा बसतो तसं आक्रसायला लागलं. ॲनिमोन अधूनमधून बसतंच, आतली घाण बाहेर टाकायला सगळं पाणी सोडतं, त्याला एकच छिद्र, तेच तोंड आणि तेच सगळं, तासा-दोन तासांत परत फुलतं, त्याला आजार म्हणत नाहीत. पण हे रोज बसत होतं. सकाळी लाइट लागला की आक्रसायला सुरुवात, दुपारी नुसती चिरगुटं होऊन पडलेलं, रात्री परत फुगायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी. तोंड उघडं राहायला लागलं, आतल्या पांढऱ्या घड्या दिसायच्या. पायाची पकड सुटली. समुद्रातून काढलेली मॅग्निफिका आणि मोठी कार्पेट ॲनिमोन प्रवासातल्या इन्फेक्शनने अशीच जातात, आणि ज्यांनी ती ठेवलीयत त्यांना हे तोंडपाठ आहे.

त्यावर उपाय म्हणून हॉबीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) हे माणसांचं अँटिबायोटिक वापरतात. वेगळी 10 गॅलनची टाकी, त्यात 250 मिलिग्रॅम, रोज, साधारण आठवडाभर. सिप्रो उजेडात टिकत नाही म्हणून संध्याकाळी लाइट बंद करून द्यायचं, सकाळी सगळंच्या सगळं पाणी बदलायचं, तेही आधीच्याच सॅलिनिटीचं आणि तापमानाचं, मग दिवसभर लाइट. मी माशांवर उपचार करणाऱ्या व्हेटकडून लिहून घेतलं आणि केलं. रोज ऑफिसला जायच्या आधी बेसमेंटमध्ये बादल्या. आणि एका सकाळी तोंड मिटलेलं होतं. पायाने काचेला इतकं घट्ट धरलं होतं की मी हलकं ओढून पाहिलं तर सुटेना. त्या दिवशी मला किती आनंद झाला ते सांगायला मी लाजणार नाही.

मिरजेला माझी मावसबहीण मायक्रोबायॉलॉजीत आहे, तिला फोनवर हौसेने सांगितलं तर ताई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, इथे आम्ही चिठ्ठीशिवाय सिप्रो देऊ नका म्हणून मेडिकलवाल्यांशी भांडतोय, रोज असे पेशंट येतात ज्यांच्यावर ते चालतच नाही, आणि तू ते शोभेच्या टाकीत ओततोयस?" मी म्हटलं चिठ्ठी होती, आणि काढलेलं पाणी ब्लीच घालून ठेवून मगच टाकतो. ती म्हणाली, "पाण्याचं विचारलं नाही मी. औषध कशाला वापरलंस ते विचारलं." मी तिला सांगितलं की त्या प्राण्याला आजारी आपल्याच धंद्याने केलं, मग बरं करणं आपल्यालाच लागतं. हे मी आजही म्हणेन. तिला मात्र ते पटलेलं नाही, आजही.

आणि मग ज्यामुळे हे सगळं लिहितोय ते. बरं झालेलं मॅग्निफिका मी मोठ्या टाकीत सोडलं. निरोगी मॅग्निफिका समुद्रात रीफच्या उंच, उघड्या जागी बसतं, जिथे ऊन आणि प्रवाह सगळ्यात जास्त. टाकीतही ते तेच शोधत चालतं. मी त्याला वेगळा दगड दिला होता, मधे वाळू सोडली होती, वेव्हमेकरला (प्रवाह करणाऱ्या पंपाला) स्पंजचं कव्हर होतं. ते काचेवरून चाललं. रात्री कधीतरी मागच्या काचेवरून वर आलं आणि सकाळी टॉर्चच्या अगदी शेजारी, पूर्ण फुललेलं, इतकं सुंदर की त्याच्याकडेच बघत राहावं, आणि त्याची डंख मारणारी टेंटॅकल्स टॉर्चच्या अर्ध्या भागावर पसरलेली.

तो टॉर्च माझ्या मित्राचा होता. तो कायमचा नाशिकला परत गेला तेव्हा टाकी मोडताना त्याने मला एक फ्रॅग, म्हणजे तोडलेला तुकडा, दिला होता, माझ्याकडे त्याची मोठी कॉलनी झाली, सोनेरी टोकं, हिरवी दांडी. त्या दिवशी मी ॲनिमोन तिथून हलवू शकलो नाही, कारण ओढून काढलं तर पाय फाटतो, आणि फाटलेल्या पायातून परत इन्फेक्शन. आत्ताच मरणातून उठवलेला प्राणी. मी त्याच्यावर सावली केली, त्या बाजूचा प्रवाह बदलला, आणि ते स्वतःहून सरकायची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी ते सरकलं. टॉर्चची डंखाने भाजलेली हेडं (प्रत्येक फांदीच्या टोकाचा जीव) आत गेलेली होती, मला वाटलं भरून येतील.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एका हेडच्या कडेला मांस वर उचललेलं दिसलं, खालचा सांगाडा पांढरा, आणि त्यावर तपकिरी गोळा, फ्लोमध्ये लुबलुबत होता पण सुटत नव्हता. ब्राऊन जेली. जखमेवर बॅक्टेरिया आणि सिलिएट (एकपेशीय जीव) जमतात आणि जिवंत मांस विरघळवत जातात, आणि ती जेली जिथे उडून पडेल तिथे नवीन जखम. मी सगळे पंप बंद केले, बारीक नळीने जेली ओढून घेतली आणि कॉलनी बादलीत काढली. वास नासलेल्या कोळंबीचा, बेसमेंटभर, जिन्यापर्यंत. बोन कटरने एकेक हेड खालच्या सांगाड्यातून तोडायचं, आजारी एका बाजूला, बरं दुसऱ्या बाजूला, पण तोडता तोडता जे बरं म्हणून ठेवलं होतं त्याच्या कडेला तपकिरी रेघ दिसायची. आयोडीनच्या पाण्यात बुडवायचं, स्वच्छ पाणी, परत बघा, परत तोडा. रात्री बायको खाली आली, काही बोलली नाही, नवीन सॉल्टवॉटर बनवायला लागली. पहाटेपर्यंत वेगळ्या डब्यात जी हेडं उरली तीही पुढच्या आठवड्यात एकेक करून गेली. एक उरलं. अगदी कडेचं, जिथे ॲनिमोन पोचलं नव्हतं. क्लाऊनफिश त्या रिकाम्या खडकावर रात्री येऊन झोपायचे.

नाशिकला फोन केला तेव्हा मित्राने आधी विचारलं, "ॲनिमोन ठीक आहे ना?" मी म्हटलं ठीक आहे. म्हणाला, मीही ते ओढून काढलं नसतं. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असं मला अजून वाटतं, आणि त्याला तसं सांगितलं की तो चिडतो.

ॲनिमोन मी ज्यांना दिलं त्यांच्या टाकीत दुसरं काहीच नाही, फक्त तेच आणि क्लाऊनफिश. तिथे ते भटकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आता तुम्ही म्हणणार, मग बबलटिप घे, ॲनिमोनची दुसरी जात. समुद्रातून काढायला नको, टाकीतच दुभंगून दोनाची चार होतात, औषधाची वेळ फारशी येत नाही. हे मला मान्य आहे, आणि यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. टॉर्चलाही कोणीतरी कधीतरी समुद्रातूनच काढलं होतं, त्याचा फ्रॅग चालतो आणि बबलटिपचा क्लोन चालत नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण बबलटिपही जागा सोडून फिरतं. आणि ते मरतही नाही, म्हणजे म्हातारपणाने तर नाहीच. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये किनाऱ्यावरून एक साधं ॲनिमोन आणून काचेच्या बरणीत ठेवलं, डॅलिएल 1851 मध्ये गेले, ॲनिमोन हातोहात पुढच्या माणसांकडे जात 1887 पर्यंत जगलं. मी पन्नाशीला आलोय, मुलगी कॉलेजला गेली, तिला या टाकीत रस नाही आणि असावा अशी सक्तीही नाही. मग मी गेल्यावर रोज पाणी कोण तपासणार, हाही प्रश्न माझ्या मनात येतो. आई म्हणते असले विचार करू नये. पण कोरलचा मी तुकडा कोणालाही देऊ शकतो, ॲनिमोन घ्यायला माणूस शोधताना मला काय काय करावं लागलं ते मलाच माहीत.

पेनसिल्व्हेनियात एक जण आहेत, त्यांच्याकडे लाल बबलटिपचे क्लोन आहेत, ते केव्हापासून घेऊन जा म्हणतायत. मी त्यांना हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. विचारलंय फक्त, की तुमच्याकडे ते जागा किती वेळा बदलतं, आणि दुभंगल्यावर दुसरा तुकडा कुठे जाऊन बसतो. त्या उरलेल्या एका हेडची आता चार झालीयत, ती या टाकीतून हलणार नाहीत, एवढं ठरलंय. म्हणजे बबलटिप आणलं तर वेगळी टाकी, वेगळा लाइट, वेगळं पाणी, आणि बेसमेंटमध्ये जी जागा उरलीय ती बायकोला तिच्या हातमागासाठी हवीय, आणि ती माझ्या आधीपासून मागतेय.